मुकादमाची अर्धी गोळी

३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुला उदंड आयुष्य मिळो आणि त्यातलं थोडं आजीला पत्रं लिहिण्यात जावो. अक्षर वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईचं आहे, बोलणं माझं. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, सुधारू नकोस. तीस वर्षं तिने साहेबांची पत्रं सुधारली, साहेब काही सुधारले नाहीत. (हे वाक्य नाइलाजाने लिहिले आहे. — टायपिस्ट)

मी बरी आहे. कान तेवढे गेले, कानाशी ओरडलं तरच कळतं. आता फोन म्हणजे गालाला लावायची थंडगार वस्तू, म्हणून पत्र.

काम असं की आपला मुकादम लंगडतोय. तेरा वर्षं इमारतीच्या दारात बसून कोण आलं, कोण गेलं, कुणी कचरा कुठे टाकला यावर देखरेख केली बिचाऱ्याने, आणि आता त्याचा पुढचा डावा पाय जमिनीला लागत नाही. तीन पायांवर जिना उतरतो आणि खाली पोचला की माझ्याकडे असा बघतो, जसा काही चौथा मीच चोरला. एका जागी ठरत नाही. दारातून खिडकीशी, खिडकीतून माझ्या खाटेखाली. त्याच्यामागे मी उठबस करते.

दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं तेव्हा एका फिरत्या डॉक्टरने पाच गोळ्या हातावर ठेवल्या होत्या. पांढरी, चपटी, मधोमध रेघ. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या टपालवाल्याच्या मागे फाटकापर्यंत धावला. तू तर जनावरांच्या औषधांच्या दुकानातच उभी असतेस. दहा गोळ्या पाकिटात घाल आणि पाठव. इथल्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आणा. मी म्हटलं, माझी नात याच धंद्यात आहे. तो म्हणाला, मग नातीकडूनच घ्या. घेतेय.

आणि 'दवाखान्यात ने' असं सांगू नकोस. माझ्याच्याने तेवढं चालवत नाही. शिवाय डॉक्टरचा कागद मला घरात नको. का, ते विचारू नकोस.

तुझी आजी
(अंगठा त्यांचा. शाई माझी.)

---

८ फेब्रुवारी

आजी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि ते वर उचलायच्या आतच सांगते: नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. टायपिस्टमावशी, हे जरा सावकाश वाचा. आमच्या दुकानात दोन कपाटं आहेत. एक उघडं. त्यात गळ्याचे पट्टे, कंगवे, शाम्पू, पिसवांची पावडर. ते कुणीही मागावं, मी काढून द्यावं. दुसऱ्याला कुलूप. तुझी पांढरी चपटी गोळी कुलपातली आहे. ती सूज उतरवते हे खरं. पण जाता जाता पोटाला ओरखडे काढते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते. तरुण कुत्रं सोसतं. मुकादम तेरा वर्षांचा आहे. किती द्यायची ते वजनावर ठरतं, किती दिवस ते रक्त तपासून, आणि मुळात द्यायची की नाही ते त्याचा पाय हातात धरून पाहिल्यावर. सांध्याने लंगडतोय, काटा मोडलाय, की हाडात काही झालंय? मला इथून त्याचा पाय धरता येत नाही.

तुला चिठ्ठीचा एवढा का राग? चिठ्ठी म्हणजे काय, ज्याने जनावर पाहिलंय त्याने, ज्याने पाहिलेलं नाही त्याला लिहिलेलं पत्र. इथे काउंटरमागे जिने पाहिलेलं नाही ती मी असते, आजी. रोज. लोक म्हणतात, 'मागच्यासारखंच आहे हो,' आणि मला मागचंही ठाऊक नसतं.

कोपऱ्यावरच्या टेलरचं दिवाळं निघालं आणि त्या जागेत जनावरांचा नवा दवाखाना आला, असं तूच म्हणाली होतीस. तिथे त्याला ने. तो खातो का, पाणी किती पितो, ते मला कळव.

तुझी भिंगरी

---

१३ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटात कागद दोन होते आणि वाचून दाखवला एकच. मी अडाणी आहे, आंधळी नाही. दुसरा टायपिस्टबाईने चष्म्याच्या घरात सारला. विचारलं तर म्हणते, 'खाजगी आहे.' माझ्या नातीचं, माझ्या कुत्र्याबद्दलचं, माझ्यापासून खाजगी! शेवटी वाचायला लावलाच. 'आजीला गोडीगुलाबीने दवाखान्यात न्या.' कुणाला सांगतेस? ती स्वतः मुकादमाला घाबरते. जिन्यात तो आडवा पडला असला तर त्याला 'एक्स्क्यूज मी' म्हणते. (तो हलतो. — टायपिस्ट)

तू त्या दुकानात लागलीस तेव्हा मी मुकादमाला सांगितलं होतं, बाबा रे, आता आपलं माणूस आत आहे. आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की आपल्या माणसाने आतून कडी लावली? डॉक्टरने सही केली म्हणजे काय गोळीच्या अंगात येतं? सही असो नसो, गोळी तीच.

पण तुझ्यावाचून अडलं नाही हो. तुझं उत्तर यायच्या आधीच मला गोळी सापडली. कुठे, ते माझं मला ठाऊक. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, दुधात भिजवलेल्या पावात दाबून. आज नववा दिवस. पहिले चार दिवस वासरासारखा हुंदडला. टपालवाल्याला विचार. आता जरा पडून असतो, वय झालं. खाणं कमी झालंय, ते माझंही झालंय. पाणी मात्र भांडंच्या भांडं संपवतो. काल दोनदा ओकला. कुणाचा तरी बूट चघळला असेल, त्याला चांगल्या चामड्याची पारख आहे.

पुरावा हवा ना तुला? रिकामी पट्टी पाकिटात टाकतेय. तुझ्या त्या कुलपाच्या कपाटाला नेऊन दाखव. पाकीट मीच चिकटवणार, टायपिस्टबाईने आत डोकवायचं नाही.

घाईत सांगतेय, कारण उद्या ती बहिणीकडे चाललीय, चांगली पंधरा दिवस. तोवर तू लिहिलंस तरी वाचायला कुणी नाही. तुझ्या नकाराला तेवढीच विश्रांती.

तुझी आजी

(गोळी कुठून आली ते मी तीनदा विचारले. उत्तर मिळाले नाही. मला हे ठीक वाटत नाही. — टायपिस्ट)

---

१७ फेब्रुवारी, जलद टपालाने

जो कोणी हे पाकीट उघडेल त्याने हे आजीच्या कानाशी, मोठ्याने, आत्ताच्या आत्ता वाचावं.

आजी, ती पट्टी माणसांच्या गोळीची आहे. तुझ्या गुडघ्यांची. पाकीट मी काउंटरवरच फोडलं आणि समोरच्या बाईंच्या पोपटाचं औषध माझ्या हातून खाली पडलं.

एकही गोळी आता देऊ नकोस. अर्धीसुद्धा नाही, चतकोरसुद्धा नाही. तुझ्या अंगातून ती दिवसभरात निघून जाते, त्याच्या अंगात साठत राहते. तो बूट खाऊन ओकलेला नाही. त्याची शी काळी असेल तर पोटात रक्त जातंय. त्याला दवाखान्यात ने. आज. आणि डॉक्टरपासून काही लपवू नकोस, किती दिलीस, किती दिवस दिलीस, सगळं सांग.

टायपिस्टमावशींच्या घरी फोन वाजतोय, उचलायला कुणी नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा नंबर चौकशीवाल्यांकडे नाही. मालकीण परगावी आहेत, पहिल्या तारखेला येणार, किल्ल्या माझ्याकडे. रोज दारात कुणाचं ना कुणाचं जनावर उभं, कुलूप लावून येता येत नाही. मी इथे काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतेय.

एवढं लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हे तुला वाचून कोण दाखवणार? म्हणून मागच्या पानावर चित्र काढलंय. आजी, चित्र बघ. फक्त चित्र बघ.

---

२० फेब्रुवारी

भिंगरी,

दचकू नकोस, अक्षर वेगळं आहे. ते डॉक्टरचं आहे. डॉक्टर म्हणजे एक पोरगी निघाली, तुझ्याएवढीच. (मी चौतीस वर्षांची आहे. — डॉक्टर) मी दवाखान्यातल्या बाकावर बसलेय, मुकादम टेबलावर आडवा, पायात सुई, वर बाटली लटकतेय. बाटलीतून थेंब पडला की मी बघते, न पडला की डॉक्टरला हाक मारते. तिने कंटाळून विचारलं, 'आजी, तुमचं मन रमेल असं काही करू का?' मी म्हटलं, पत्र लिही.

तुझं पाकीट काल दुपारी आलं. एरवी तुझी अक्षरं मुंग्यांसारखी ओळीने चालतात. ह्या वेळी मुंग्या पळत होत्या. पान उलटलं तर चित्र. एक डुक्कर, एक गोळी, एक घर, घरावर अधिक चिन्ह, आणि अंबाडा घातलेली एक बाई डुकराला घेऊन धावतेय. अंबाड्यावरून ओळखलं, ती मी. डुक्कर म्हणजे मुकादम हे कळायला वेळ लागला. पण गोळीवर तू अशी फुली मारली होतीस, की कागद आरपार फाटला होता. ते भोक वाचायला शाळेत जावं लागत नाही.

त्याला बघायला गेले तर खाटेखाली होता. हाक मारली, शेपूट हललं नाही. ज्या कुत्र्याने तेरा वर्षांत एकाही हाकेला उत्तर चुकवलं नाही, त्याचं शेपूट.

खालच्या लाँड्रीवाल्याला दंडाला धरून वर आणला. त्याने मुकादमाला इस्त्रीच्या हातगाडीवर घातलं, कुणाच्या तरी धुवट चादरींवर, आणि ढकलत निघाला. मी मागून. धावले नाही, पण तुझ्या चित्रातल्या बाईला माझी लाज वाटली नसती.

इथे आल्यावर डॉक्टरने काय करावं? कागद पुढे केला. म्हणाली, 'इथे अंगठा द्या.' आणि मी उठून दाराकडे चालायला लागले.

आता सांगते. तुझी ठकी आठवते का, मुकादमाच्या आधीची कुत्री? तुम्हा पोरांना मी सांगितलं होतं, ती झोपेत गेली. ती झोपेत गेली नाही. तिला आजार झाला म्हणून नेली, तिथल्या डॉक्टरने असाच कागद पुढे केला, म्हणाला अंगठा द्या. मला वाटलं औषधाचा आहे. दिला. बाहेर बाकावर बसले. थोड्या वेळाने त्याने तिचा पट्टा माझ्या हातात आणून दिला, रिकामा. कागदावर तिला सुई देऊन कायमचं झोपवायची परवानगी होती, हे मला लाँड्रीवाल्याच्या बापाने घरी वाचून दाखवलं. डॉक्टर वाईट नव्हता, ती वाचणारही नव्हती. पण मला विचारायला तरी हवं होतं ना? मी तिला 'बस इथे, आलेच' असं सांगून बाहेर गेले होते.

म्हणून डॉक्टरचा कागद नको होता. गोळ्या माझ्या होत्या. मला वाटलं, गुडघा तो गुडघा, माझा काय नि त्याचा काय. रोजची एक मिळते ती दोन तुकडे करून त्याला दिली. मी गेले पंधरा दिवस बिनागोळीची आहे. म्हणून वाकता येईना, म्हणून त्याच्या पायाकडे नीट बघता आलं नाही.

ह्या पोरीने वाकून बघितलं. (मी वाकले, कारण ते माझं काम आहे. — डॉक्टर) त्याच्या पंजाचं एक नख वाढून वळलं होतं आणि पंजाखालच्या मऊ गादीत घुसलं होतं. आत पू. तेवढंच. सांधा नाही, हाड नाही. ज्या गोळीसाठी मी तुझ्याशी भांडले ती त्याला लागतच नव्हती. नख कापायचं होतं.

पण मी घातलेल्या गोळ्यांनी पोटात जखम केलीय आणि मूत्रपिंडांचं उद्या रक्ताच्या तपासणीत कळेल. डॉक्टर म्हणते, आत्ता काही सांगता येत नाही. मी तिला म्हटलं, मग खोटं तरी सांग. तेही सांगत नाही. तुम्ही दोघी एकाच शाळेतल्या का गं?

कागद तिने मला तीनदा वाचून दाखवला. ओरडून, रस्त्यावर ऐकू जाईल असं. त्यात फक्त बाटली आणि सुईचं होतं. मग अंगठा दिला.

थेंब थांबला. थांब, बघते.

(थेंब चालू आहे. दवाखान्याला अजून फोन मिळालेला नाही, अर्ज केलाय. आजींनी पंधरा दिवसांच्या गोळ्यांचा हिशेब एकही न लपवता दिला, त्यामुळे मला लगेच दिशा मिळाली. — डॉक्टर)

---

२४ फेब्रुवारी

आजी,

'उद्या कळेल' असं लिहिलेलं पत्र मला आज मिळालं. तो उद्या होऊन तीन दिवस झाले. मुकादम आहे का? ह्या एका प्रश्नावर मी सकाळपासून दुकान उघडून बसलेय. पाकिटात नुसतं कोरं पान घालून पाठवलंस तरी चालेल. नको, कोरं नको. मी त्याचा भलताच अर्थ लावीन.

ठकीचं मला ठाऊक नव्हतं. मी सात वर्षांची होते, 'झोपेत गेली' म्हणाल्यावर कितीतरी दिवस झोपायला घाबरत होते. तुला तेही ठाऊक नसेल.

तू सांगितलंस, आता मी सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, मालकिणींनासुद्धा नाही.

मी तुला 'नाही' म्हटलं ते नियमाच्या जोरावर नव्हे. दुकानात लागले त्या वर्षी एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांचा कुत्रा वारला होता, मग मांजर पाळलं. एकदा आले, म्हणाले, मांजर पाय आखडून बसलंय, कुत्र्याला देत होतो तीच गोळी द्या, चिठ्ठी उद्या आणतो. मला दया आली. मी कुलूप उघडलं. कुत्र्याची गोळी मांजराला सोसत नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणूनच तर चिठ्ठी मागायची होती.

सहाव्या दिवशी ते परत आले. उरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून आणल्या होत्या. म्हणाले, 'मांजर गेलं. ह्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. तुम्ही त्या दिवशी फार माणुसकीने वागलात.' आणि माझे आभार मानले, आजी. मी 'बरं' म्हटलं. मी फक्त 'बरं' म्हटलं.

ते अजून याच रस्त्याने जातात. मी खाली वाकून कपाट आवरायला लागते.

मुकादमाचं कळव.

भिंगरी

---

२ मार्च

भिंगरी,

आहे.

हा शब्द आधी लिहायला लावला, बाकीचं नंतर. टायपिस्टबाई परत आलीय आणि म्हणते पत्राची सुरुवात अशी करत नाहीत. मी म्हटलं, ह्याची अशीच होते.

चार दिवस बाटलीवर होता. मूत्रपिंडं थोडी दुखावलीत, पूर्वीसारखी होणार नाहीत. खाणं डॉक्टर सांगेल ते, पाणी समोर कायम, महिन्याने पुन्हा रक्त. पण काल जिन्यातून चार पायांवर उतरला, फाटकाशी बसला, आणि टपालवाल्यावर भुंकला. एकदाच. आवाज बसलेला होता. टपालवाल्याचे डोळे भरून आले, मग त्याने पिशवी सावरली आणि म्हणाला, 'हा पुन्हा सुरू झाला वाटतं.'

माझ्या गोळ्या मी माझ्या पोटात घालतेय. पूर्ण. डॉक्टरपोर घरी येऊन तपासून जाते, मला की कुत्र्याला ते कळत नाही.

सोबत तिची चिठ्ठी आहे. पोटाचं औषध, महिनाभराचं. इथल्या औषधवाल्याकडेही मिळतं, मी मुद्दाम तुझ्याकडून मागवतेय. उघड आता ते कुलूप. आता म्हण बघू मला 'नाही'. तू म्हणाली होतीस ना, चिठ्ठी म्हणजे पाहिलेल्याने न पाहिलेल्याला लिहिलेलं पत्र? मग हे तुला आलेलं पत्र आहे. नीट वाच, आणि उत्तर लवकर पाठव.

ती दोनदा लिहून दिलीय तिने. एक तुझ्यासाठी अक्षरांची. एक माझ्यासाठी, भिंतीला लावलीय: उगवता सूर्य, एक गोळी, भरलेलं ताट, मावळता सूर्य, एक गोळी. माझ्या उभ्या जन्मात मी स्वतः वाचलेला हा दुसरा कागद. पहिला तुझा, भोकाचा.

आता मास्तरांचं. तुझं ते पान टायपिस्टबाईने वाचलं आणि मग बराच वेळ नाक पुसत बसली. मी नाही बसले. मी तुझं सांत्वन करत नाही आणि रागवतही नाही. मुकादम वाचला तो काही मी शहाणी म्हणून नाही. तुझी फुली वेळेवर आली म्हणून. आणि ती फुली इतक्या जोराने का मारलीस ते मला आता कळलं. त्या मांजराने मारलीय ती.

पण बाई गं, माझ्या हातात पट्टा दिला त्या डॉक्टरने मला काही सांगितलं नाही, आणि मी बावीस वर्षं त्याच्या कागदाला घाबरत बसले. मास्तर काय समजून बसले असतील? की आपणच काही चुकवलं, मांजराला उशिरा गोळी दिली, जास्त दिली. म्हातारी माणसं एकटी असली की असलंच काहीतरी घेऊन बसतात, मला विचार. पुढच्या वेळी ते रस्त्याने दिसले की कपाट आवरू नकोस. बाहेर ये. सांग. ओरडतील, ओरडू देत. न ओरडता बघत राहिले तर जास्त लागेल, तेही लागू दे. आणि सांगून झालं की मला लिही.

मालकिणींनाही सांग. पण आधी मास्तरांना.

इथे पत्र संपलं. ह्या वेळी अंगठा देत नाही. टायपिस्टबाईचं पेन घेतलंय.

(खाली आजींनी स्वतः चित्र काढले आहे. मी कान जरा नीट करायला गेले, त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. चारही पाय जमिनीवर आहेत, हे बघावे असे त्या सांगतात. आणि पुढे लिहा म्हणतात: हा कुत्रा आहे, डुक्कर नव्हे. तू शीक. — टायपिस्ट)